ताटातली अर्धी पोळी

२ जुलै २०१८, सोमवार

माझ्या लेकानं, नीलकंठनं, फॅक्टरीतून डायरी आणली. जाड पुठ्ठ्याची, वर सोनेरी आकडे. जानेवारी ते जून पानं कोरीच आहेत, ती वाया काहून घालवायची? तिथं लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवीन. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात माझी म्हणून ही पहिली डायरी. मी तिसरी शिकली, तेही या हिंदी मुलखात, दीक्षितपुऱ्यातल्या मराठी शाळेत, पण अक्षर वळणदार होतं. गुरुजी म्हणायचे, सत्यवती, तुझं अक्षर पाहून पाटी पुसावी वाटत नाही.

तर कारण असं. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विभा काय खाते, कधी झोपते, कशानं बिघडते ते रोज लिहा. नीलकंठ फॅक्टरीत, सूनबाई मीरा शाळेत. मग लिहिणारी उरली कोण? मी!

विभा म्हणजे विभावरी, माझी नात. एकोणीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे. आपण बोललो ते तसंच्या तसं परत म्हणते. स्वतःचं चार शब्द बोलते, पण जे बोलते ते खरं. माझ्याखेरीज कोणी हात लावलेला चालत नाही. रोज पाचला घरून निघते, चार गल्ल्या ओलांडून विष्णूच्या पिठाच्या चक्कीवर जाते, फिरणारा पट्टा पाहत उभी राहते, आणि सहाला परत. केसात पीठ घेऊन येते, जशी काही माझ्याच वयाची! सगळी गल्ली ओळखते तिला.

जेवणाची मात्र चोर. पण माझ्याजवळ औषध आहे, ती दोन वर्षांची असल्यापासूनचं. "ताटात टाकलं तर पोलीस धरून नेतात," असं म्हणायचं आणि खिडकीकडे पाहायचं, "आले बापा, खाकीवाले आले!" की घास आत. नीलकंठलेही असाच वाढवला. झाला ना सुपरवायझर?

आज विभा: तीन पोळ्या, वरणभात. काही टाकलं नाही.

९ जुलै

चक्कीची मोटर जळाली. विष्णू म्हणतो, वाइंडिंगला दिली आहे, आठ-दहा दिवस लागतील. पोट्टी रोज जाते, बंद शटरसमोर उभी राहते, आणि घरी येऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते. तिच्यामागे मीही फिरते. दोघींचे पाय दुखून राहिले. मीरा म्हणते, आई, तुम्ही तरी बसा. बसली, तर कुकरच्या शिट्टीनं उठली.

१२ जुलै, गुरुवार

दोन दिवस पेन धरवलं नाही. आता लिहिते, नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

मंगळवारी दुपारी विभानं अर्धी पोळी ताटात टाकली. मी औषध दिलं, खिडकीपर्यंत गेली, तरी टाकली. पाचला निघून गेली. सहा वाजले, सव्वासहा झाले, आली नाही. मी चक्कीवर, मीरा शेजारच्या बेबीताईंच्या घरी, नीलकंठ स्कूटरवर. मी अनवाणीच धावली हे मला घरी आल्यावर कळलं.

झालं असं की ती दुसरी चक्की शोधत गेली. आवाजानं गेली असेल. तिचे कान फार तीक्ष्ण. रेल्वे लाइनच्या पलीकडे कुठल्याशा मोहल्ल्यात सापडली तिला चक्की, आणि ती तासभर तिथं उभी. समोर लेकरं खेळत होती. हल्ली त्या मोबाईलवर काय काय येतं, मुलं पळवणारी टोळी फिरून राहिली म्हणून. एका बाईनं विचारलं, "किसके घर आई हो?" विभा म्हणाली, "किसके घर आई हो." दुसरीनं विचारलं, "बच्चों को क्यों देख रही है?" तर तेही तसंच परत. लोक जमले. कोणीतरी शंभर नंबर लावला.

गाडी आली, भोंगा, निळा दिवा. खाकी कपडे दिसले आणि विभा पळाली. पळाली म्हणजे चोर, असं लोकांना वाटलं. एका लेडीज कॉन्स्टेबलनं हात धरला, विभानं तिला कडकडून चावलं. मग तिच्याच ओढणीनं तिचे हात बांधले.

नीलकंठ आपल्या ठाण्यात हरवल्याचं लिहून द्यायला गेला, तिथं वायरलेसवर जुळलं. आम्ही पोहोचलो तर बाकावर बसलेली, आणि एक शिपाई विचारून राहिला, "मजाक कर रही है?" ती म्हणते, "मजाक कर रही है."

मनगटावर वळ आहेत. मी तेल लावायला गेली तर तिनं हात मागे घेतला. माझ्यापासून!

इतकी वर्षं एकटी जाते, कधी भ्याली नाही. मग गाडी पाहून पळाली काहून, हे मला उमगत नाही.

१३ जुलै

नीलकंठनं चॅनल गेटला कुलूप लावलं. मी म्हटलं, "अरे, तिचे पाच वाजतात."

"आई, लोकांनी मारून टाकलं असतं तिला. गाडी दहा मिनिटं उशिरा आली असती तर?"

"म्हणून काय जन्मभर कोंडशील?"

"पोलीस दिसला की पळते ती. ज्या दिवशी खाकी पाहून पळणार नाही, त्या दिवशी काढीन कुलूप. तोवर नाही."

पाच वाजता विभा गेटाशी उभी राहिली, दोन्ही हातांनी लोखंड धरून. तोंडानं घरघर करत होती, चक्कीसारखी. सहा वाजेपर्यंत. मग आत आली. मला भाजी चिरताना दोनदा बोट कापलं.

१६ जुलै, सोमवार

आज मी त्या ठाण्यात जाऊन आली. बेबीताईंना सोबत घेतलं. त्या रिक्षातच म्हणाल्या, "काकू, मी काही बोलणार नाही हं, मी फक्त उभी राहीन." मी घरून वाक्य पाठ करून गेली होती, कडक हिंदीत. आमच्या पोरीचे हात बांधणारी कोण ती, तिला माझ्यासमोर आणा.

आली समोर. ज्योती पटेल नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पनागरची, बाप भाजीपाला लावतो. हाताला हे एवढं बँडेज. माझ्या तोंडून निघालं, "हल्दी लगाई थी क्या?"

ती म्हणते, "टिटनेस का इंजेक्शन लगा है, दादी. आपकी पोती के दाँत बहुत मजबूत हैं."

आता खोटं काहून लिहू? मला बरं वाटलं. मी म्हटलं, "बचपन से नीम का दातून करवाया है." बेबीताईंनी मला कोपरानं ढोसलं.

मग ज्योती हळू आवाजात म्हणाली, "दादी, भीड़ में चार-पाँच लोगों के हाथ में डंडे थे. मैं उसको जल्दी गाड़ी में बिठाना चाहती थी. वो चिल्लाई तो मैंने और जोर से पकड़ा. हमें किसी ने बताया ही नहीं कि ऐसे बच्चे भी होते हैं." मी पाठ केलेलं वाक्य तिथंच विसरली.

तिचे मोठे साहेब, दिवाकरजी, चहा मागवून म्हणाले, "माताजी, आप ही बता दीजिए, क्या करना चाहिए." मला! तिसरी पासला! मी सांगत गेली, ज्योती लिहीत गेली. अंगाला हात लावू नका. भोंगा बंद करा, दिवा बंद करा. एकाच माणसानं बोला, थोडकं बोला, आणि मग थांबा, तिला वेळ लागतो. विचारलेलंच परत म्हणाली तर ती थट्टा नाही, तिला समजून घ्यायला तसं म्हणावं लागतं. घरचा नंबर तिच्या कुर्त्याच्या आतल्या बाजूला शिवलेला असेल, तो मी आजच शिवते. साहेब म्हणाले, बाजूच्या ठाण्यांनाही कळवतो. कळवतील की नाही, देवाला ठाऊक. चहा गोड होता मात्र.

ज्योती म्हणाली, मी घरी येऊन माफी मागते. मी म्हटलं, ये, पण हे कपडे घालून येऊ नको.

२१ जुलै

आनंदाची गोष्ट! विभा जेवायला लागली. चार पोळ्या, भात दोनदा, ताट बोटानं पुसून चाटलं. न सांगता! मी बेबीताईंना बोलावून ताट दाखवलं. त्या म्हणाल्या, काकू, हे घासायचीही गरज नाही.

विष्णूची मोटर आली. आवाज इथवर येतो, पाच वाजता तर येतोच. कुलूप आहे तसंच आहे.

२९ जुलै

विभा: पाच पोळ्या. गाल भरून आले. मीरा म्हणते, "आई, इतकं नका वाढू." मी म्हटलं, "तू गप. इतक्या वर्षांत कधी मागून खाल्लं तिनं?" संध्याकाळी उलटी झाली. पावसाळी हवा बाधली असेल.

ज्योती आली होती, साध्या सलवार-कुर्त्यात. पनागरचे मटार आणले, या दिवसात कुठून मिळाले कोण जाणे. दारातच खाली बसली, विभापासून चार हात लांब, आणि काही बोललीच नाही. मला राहवेना, मीच दोघींच्या वाटचं बोलली. अर्ध्या तासानं विभानं डब्याचं झाकण जमिनीवर फिरवून तिच्याकडे सोडलं. ज्योतीनं परत फिरवलं. मला तर नाचावं वाटलं, पण गुडघे!

४ ऑगस्ट

रस्त्यावरून अँब्युलन्स गेली. विभा स्वयंपाकघरात धावली आणि डब्यातून कच्ची कणीक मूठभर तोंडात कोंबली. ठसका लागला. मी म्हटलं, अगं, भूक लागली तर सांगायचं ना. रात्रभर मला काही झोप आली नाही. कारण काही नाही, उगाच. या कुशीवरून त्या कुशीवर.

५ ऑगस्ट

आज ज्योती तिसऱ्यांदा आली. विभा दारापर्यंत गेली तिला घ्यायला. नीलकंठ पाहून राहिला होता, मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं पेपर वर केला. मी म्हटलं, "बघ." तो पेपरामागून म्हणतो, "ती ज्योतीला भीत नाही. खाकीला भीते. वर्दीत येऊ दे एकदा."

१२ ऑगस्ट, रविवार

कसं लिहू.

ज्योती वर्दीत आली. आम्हीच सांगितलं होतं. विभा जेवत बसली होती, तिसरी पोळी. ज्योती दारात उभी राहिली, हसली, "विभा, मैं हूँ."

विभानं एकदा पाहिलं. मग जी उरलेली पोळी होती ती सगळी तोंडात कोंबली. माझ्या ताटातली उचलली, तीही. वरणाची वाटी दोन्ही हातांनी वर करून प्यायली, गळ्यावरून वरण ओघळलं. श्वास घ्यायला जागा नाही, डोळे बाहेर, आणि त्यातून बोलते, "खाल्लं. विभानं खाल्लं. टाकलं नाही. धरून नेतात. टाकलं नाही." आणि ताट उलटं करून ज्योतीला दाखवलं.

ज्योतीला मराठी कळत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "दादी, ये क्या बोल रही है?"

मीरानं पाहिलं. नीलकंठनं पाहिलं. त्याला तर सगळं समजलं, तोच त्या औषधावर वाढला आहे ना.

मी म्हटलं, "कुछ नहीं, पानी लाती हूँ," आणि मोरीत जाऊन उभी राहिली. नळ उघडायचं सुचलं नाही.

१३ ऑगस्ट

रात्री डायरी मागे उलटून वाचली. माझंच अक्षर, वळणदार. दोन जुलै. बारा जुलै: अर्धी पोळी टाकली. एकवीस जुलै: आनंदाची गोष्ट.

तिनं त्या दिवशी अर्धी पोळी टाकली आणि संध्याकाळी खरंच पोलीस आले. धरून नेलं. तिच्या हिशेबानं आजी सतरा वर्षं खरं बोलत होती.

नीलकंठले म्हटलं, "मला बोल ना काहीतरी." तो म्हणाला, "काय बोलू आई? मी अजूनही ताटात टाकत नाही. साहेबाच्या पार्टीतसुद्धा." आणि बूट घालून फॅक्टरीत गेला. बुटाची नाडी सुटलीच होती.

ज्योतीला फोन करून सांगितलं. पूर्ण सांगितलं. ती म्हणाली, "दादी, हमारी अम्मा भी यही बोलती थी. और देखो, मैं पुलिस ही बन गई." हसवायला म्हणाली असेल. मी हसली नाही.

२ सप्टेंबर

वीस दिवस झाले, रोज तिला सांगून राहिली, "पोलीस नेत नाहीत. आजी खोटं बोलली." ती म्हणते, "आजी खोटं बोलली." आणि ताट चाटते. उलट्या सुरूच. डॉक्टरीणबाईंनी डायरी वाचली, मला लाजेनं तिथं बसवेना. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, शब्दांवर सोडू नका, तिला घडताना दिसू द्या.

घडताना म्हणजे काय घडताना? दिवसभर घरात येरझारा घातल्या. दुपारी देवघर पुसताना महालक्ष्म्यांचे मुखवटे काढले, आणि तिथंच सुचलं. सुचलं आणि भीती वाटली.

१६ सप्टेंबर, रविवार. महालक्ष्मीपूजन

काल पाच पावलं कुंकवाची काढली, दोघी बसल्या मखरात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी. हे जेवण म्हणजे प्रसाद. एक शीतही ताटात राहू द्यायचं नाही, घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. माझ्या आईनं नाही टाकलं, सासूनं नाही, मी एकाहत्तर वर्षांत नाही.

ज्योतीला जेवायला बोलावलं होतं. गणपतीच्या बंदोबस्तातून आली, पूर्ण वर्दी, टोपी, काठी दाराबाहेर ठेवली. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं काय करायचं ते. ती फोनवर घाबरली होती, "दादी, माता का प्रसाद मैं कैसे छोड़ दूँ?"

"तू मत छोड़. मैं छोड़ूँगी. तू पुलिस है, तू बस देख."

पंगत बसली. विभा माझ्याशेजारी, ज्योती समोर. विभानं खाकी पाहिली आणि चार पुरणपोळ्यांवर दोन्ही हात ठेवले. कोंबायला लागली. मी म्हटलं, "विभा, आजीकडे बघ."

माझी पुरणपोळी मी मधून तोडली. अर्धी खाल्ली. अर्धी ताटाच्या कडेला ठेवली, तूप लावलेली, मऊ. हात धुतला ताटातच, म्हणजे परत उचलायचा मोह नको. मखराकडे काही पाहवलं नाही मला. मनात म्हटलं, मायबाई, रागावायचं तर माझ्यावर रागवा, पोरीवर नको.

"ज्योती," मी म्हटलं, "देख. छोड़ दिया."

ज्योतीनं माझ्या ताटाकडे पाहिलं. सगळ्यांचं जेवण थांबलं. विभा तोंडात घास धरून म्हणाली, "धरून नेतात."

ज्योती उठली. विभा भिंतीला चिकटली. ज्योतीनं माझं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं, परत आली, आपल्या जागी बसली, आणि आंबिलीची वाटी तोंडाला लावली. इतकंच. एक शब्द बोलली नाही, शिकलेली पोरगी आहे.

मी तिथंच बसलेली. कोणी नेलं नाही.

विभा माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं एक बोट पुढं केलं आणि माझ्या दंडाला लावलं. दाबून पाहिलं. मी आहे का म्हणून. तिनं आपण होऊन मला हात लावला त्याला किती वर्षं झाली, मी सांगू शकत नाही.

तोंडातला घास तिनं हळू चावला. ताटातली एक पुरणपोळी तोडली, अर्धी कडेला सरकवली, आणि ज्योतीकडे पाहिलं. ज्योतीनं मीराकडे वाटी धरली, "भाभी, और मिलेगी?" विभानं आणखी अर्धी सरकवली. मग सगळंच ताट सरकवलं आणि उठून गेली, झाकण फिरवत बसली.

नीलकंठ खाली मान घालून जेवत होता. त्याच्या ताटात शेवटी भाताचा एक घास राहिला होता. त्यानं तो तसाच ठेवला.

१८ सप्टेंबर, मंगळवार

पावणेपाचला नीलकंठनं कुलूप काढलं. आज मुद्दाम लवकर आला होता. मला म्हणाला, "तू मागे जायचं नाही." मी म्हटलं, बरं. गॅलरीत गेली, आत आली, गॅलरीत गेली. बेबीताई त्यांच्या गॅलरीतून म्हणाल्या, "काकू, फरशी झिजेल."

विभा निघाली. कोपऱ्यावर गणपतीच्या बंदोबस्ताला दोन शिपाई होते. ज्योती नाही, ओळखीचं कोणी नाही. विभा थांबली. मी कठड्यावरून वाकली. त्यातला एक पुढं यायला लागला तर दुसऱ्यानं त्याची बाही ओढली, काहीतरी सांगितलं, आणि दोघं बाजूला सरकून दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणजे साहेबांनी कळवलं होतं तर. मी उगाच संशय घेतला.

विभा उभी. किती वेळ, मला ते घड्याळात पाहायचं सुचलं नाही. मग ती चालायला लागली. त्यांच्या समोरून गेली. धावली नाही. वळणावर दिसेनाशी झाली.

सहाला आली. केसात पीठ.

विभा: अडीच पोळ्या, थोडा भात. अर्धी पोळी टाकली.